पोरगं पुढं जाणार

कोवळ्या पोराकडे बघून त्याचं पुढचं सगळं आयुष्य सांगणारी माणसं प्रत्येक गावात असतात. कुणी पत्रिका बघतं, कुणी हातावरच्या रेषा बघतं. आमचे नाना हाताची लांबी बघतात.

नाना मूळचे कोल्हापूरचे. गेली पंचवीसेक वर्षं मुक्काम कॅलिफोर्नियात, सॅक्रॅमेंटोजवळच्या फोल्सममध्ये. उंची पाच फूट साडेचार इंच. त्यातला अर्धा इंच ते आवर्जून सांगतात. उभ्या आयुष्यात त्यांचा बास्केटबॉलला हात लागला तो कॉलेजच्या मैदानाबाहेर उभं असताना, बाहेर आलेला बॉल आत फेकण्यापुरता. पण गावच्या बास्केटबॉल संघात, सॅक्रॅमेंटो किंग्जमध्ये, कोणता नवा पोरगा आला, त्याचं मनगट कसं, पंजा केवढा, आई किती उंच, हे नानांना विचारा. किंवा नका विचारू. न विचारताही ते सांगतातच.

दिवसा नाना एका चिप बनवणाऱ्या कंपनीत व्हॅलिडेशनमध्ये असतात. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चिपमधली खोट काढणं ही त्यांची नोकरी. ऑफिसात एक बिट इकडचा तिकडे झाला तरी माल परत पाठवणारा हा माणूस रात्री घरी येऊन सोफ्यावर बसतो, एकोणीस वर्षांच्या पोराचे ओळीनं सात शॉट चुकलेले बघतो आणि मांडीवर थाप मारून म्हणतो, "बघा की, बॉलला फिरकी कसली आहे! पोरगं पुढं जाणार." दिवसभर नापास करून करून साठलेले सगळे मार्क ते संध्याकाळी किंग्जच्या राखीव खेळाडूंना वाटून टाकतात.

नाना या गावात आले तेव्हा किंग्ज भरात होते. क्रिस वेबर, व्लादे दिवाच, माइक बिबी, पेजा स्तोयाकोविच. 2002 साली लेकर्सविरुद्धची वेस्टर्न कॉन्फरन्सची फायनल सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि किंग्ज हरले. त्याआधीच्या, सहाव्या सामन्याच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये लेकर्सना 27 फ्री थ्रो मिळाले होते. हा आकडा नाना अजून दात-ओठ खाऊन सांगतात. पुढे 2006 नंतर किंग्ज प्लेऑफमध्ये दिसेनासे झाले, ते ओळीनं सोळा हंगाम. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, इतिहासात एवढा मोठा दुष्काळ दुसऱ्या कुणी काढलेला नाही. गावातल्या शहाण्या माणसांनी गपचूप शेजारच्या वॉरियर्सचे टी-शर्ट घेतले. नाना हलले नाहीत. कारण एनबीएत हरणाऱ्याला एक सोय आहे: जो संघ जास्त हरतो त्याला पुढच्या वर्षीच्या नव्या पोरांमधून लवकर निवड करायला मिळण्याची शक्यता जास्त. म्हणजे किंग्ज जितके हरणार, तितकं नानांकडे बघायला नवं पोरगं येणार. इतरांचा जो दुष्काळ होता तो नानांचा सुगीचा काळ होता.

त्यात 2013 साली संघ विकत घेतला विवेक रणदिवे यांनी. जन्म मुंबईचा आणि आडनाव रणदिवे! त्या दिवसापासून नाना संघाबद्दल बोलताना 'आपल्या पाहुण्यांची टीम' म्हणू लागले. कोल्हापुरात पाहुणा म्हणजे सोयरा. नानांनी रणदिव्यांना कधी पाहिलेलंसुद्धा नाही, पण त्यांच्यावरचा एक लेख छापून फाइलला लावलेला आहे. माल्कम ग्लॅडवेल यांनी 2009 साली 'न्यूयॉर्कर'मध्ये लिहिलेला. संघाचे मालक होण्याच्या आधी रणदिव्यांनी रेडवुड सिटीत आपल्या मुलीच्या संघाला कोच केलं होतं. बारा-बारा वर्षांच्या पोरी, खेळ बेताचाच. म्हणून त्यांनी एकच डाव ठेवला: समोरच्या संघाला बॉल घेऊन पुढे येऊच द्यायचं नाही, सगळा वेळ सगळ्या कोर्टभर अंगावर जायचं. तेवढ्यावर त्या पोरी पार राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेल्या. या लेखाचा ग्लॅडवेल यांना अभिप्रेत असलेला अर्थ काहीही असो, नानांनी काढलेला अर्थ असा की बास्केटबॉल न खेळलेल्या मराठी माणसालाही बास्केटबॉल कळतो.

आता पारख कशी करायची? "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात," असं आपण सगळेच म्हणतो. नाना ते शब्दशः घेतात. मंडळाच्या गणपतीत पंगत चालू होती. एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा मठ्ठा वाढत होता. सगळ्यांचं लक्ष मठ्ठ्याकडे, नानांचं त्याच्या बुटाकडे.

"बाळ, बूट कितीचा?"

"इलेव्हन, काका."

नानांनी जिलबी खाली ठेवली. "आणि मामा किती उंच आहेत तुझे?"

पोरगं गोंधळलं. मामा नाशिकला, त्यांची उंची त्याला काय माहीत? नानांनी तिथल्या तिथे मुलाच्या वडिलांना गाठलं, मामांची उंची काढली, पाच फूट अकरा, आणि मग मुलाला म्हणाले, "हात बाजूला कर बघू." त्यानं मठ्ठ्याचं भांडं एका हातात तसंच धरून दोन्ही हात पसरले. नानांनी मान तिरकी करून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेनं फीत लावली. अर्धा मठ्ठा शेजारच्या आजींच्या पैठणीवर गेला. नाना आजींना म्हणाले, "असू द्या हो, पोरगं पुढं जाणार." ते पोरगं पुढे गेलं, रोबोटिक्सला. नानांनी ते मनाला लावून घेतलं नाही. नव्या हंगामात नवे बूट येतातच.

हातांचं मात्र खरं आहे. माणसाची उंची आणि पसरलेल्या हातांची लांबी साधारण सारखीच असते. हात उंचीपेक्षा चार-सहा इंच जास्त भरले की बास्केटबॉलमधल्या जाणत्या माणसांचे डोळे चमकतात. कारण लांब हाताला शॉट अडवता येतो, पास मधल्या मध्ये उचलता येतो आणि उडी थोडी कमी पडली तरी निभावतं. दर मे महिन्यात शिकागोला निवडीच्या आधीची चाचणी भरते. तिथं पोरांची अनवाणी उंची, हातांचा पसारा, पंजाची रुंदी, उभ्यानं हात कुठवर पोचतो, जागेवरून उडी किती, सगळं मोजून जाहीर करतात. तो तक्ता ज्या दिवशी येतो त्या दिवशी नाना ऑफिसला दांडी मारतात. इतर लोक 'विंगस्पॅन' म्हणतात, नाना म्हणतात 'आजानुबाहू'. "सहा फूट आठ उंची, हात सात फूट दोन! आजानुबाहू आहे लेकाचा!" रामरक्षेतलं विशेषण इतक्या मनापासून वापरणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

हे सगळं एका चौकोनी वहीत उतरतं. प्रत्येक पोराला एक पान. पानावर चार रकाने: हात, पाय, सीलिंग, फ्लोअर. सीलिंग म्हणजे सगळं जुळून आलं तर पोरगं जास्तीत जास्त कुठवर जाईल. फ्लोअर म्हणजे काहीच जुळलं नाही तर निदान कुठे अडकेल. नाना फ्लोअरचा रकाना रिकामा सोडतात. "अशुभ बोलू नये," म्हणतात.

जूनमधली निवडीची रात्र म्हणजे नानांच्या घरची दिवाळी. वहिनी जयसिंगपुरी भडंग करतात, भरपूर लसूण घालून. पहिल्या फेरीत प्रत्येक संघाला विचार करायला पाच मिनिटं मिळतात. त्या पाच मिनिटांत नाना किंग्जच्या अख्ख्या कार्यालयाचं काम एकट्यानं करतात. 2018 साली तर पेढे आधीच वाटून झाले होते, कारण क्रम ठरवायच्या सोडतीत सातव्या नंबरवर असलेले किंग्ज चेंडू अनुकूल पडल्यानं एकदम दुसऱ्या नंबरवर आले होते. निवड करणार होते आता संघाचा कारभार बघणारे साक्षात व्लादे दिवाच, 2002 चे नानांचे देव.

कुणीतरी म्हणालं, "नाना, तो डॉन्चिच घ्यायला पाहिजे. एकोणीस वर्षांचा पोरगा, रेआल माद्रिदकडून युरोलीग जिंकलाय आणि त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलाय."

नानांनी भडंगाची मूठ तशीच हवेत ठेवली. "तेच तर म्हणतोय मी. त्याचं सगळं करून झालंय. आता वाव कुठं राहिला?"

हे ऐकून हसू नका. नाना समजून घ्यायचे असतील तर हेच वाक्य लक्षात ठेवायला हवं. ज्याला खेळता येतं त्याच्याबद्दल नानांना काही म्हणायचं नसतं. येणार आहे, येऊ शकेल, येता येता राहिलंय, अशा पोरावर त्यांचा जीव. डॉन्चिच बॉल घेऊन काय करतो हे कुणालाही दिसत होतं. मग त्यात नानांची नजर ती काय लागली? दिवाचांनी मार्विन बॅग्लीला घेतलं. उंच, उड्या बघत राहाव्यात अशा. नानांनी वही मिटली आणि डोळेही मिटले, समाधानानं. पुढच्या वर्षी डॉन्चिच सर्वोत्तम नवोदित ठरला. बॅग्ली दुसऱ्या हंगामात दुखापतींमुळे फक्त 13 सामने खेळला आणि 2022 साली डेट्रॉइटला गेला.

नानांच्या वहीतल्या पोराचं आयुष्य ठरलेलं असतं. पहिल्या वर्षी, "वेळ द्या त्याला, अजून हाडं भरायची आहेत." दुसऱ्या वर्षी, "पोरगं चांगलं आहे, कोच नीट वापरत नाही." तिसऱ्या वर्षी कुणी त्याचा विषय काढला तर, "हां, तो होय? आता काय, जुना झाला तो." आणि पान दुमडलं जातं. पोरगं एकवीस वर्षांचं असतं. 2013 चा बेन मॅक्लेमोर, 2014 चा निक स्टॉस्कस, 2015 चा विली कॉली-स्टाइन, 2016 चा सात फुटी ग्रीक पोरगा जॉर्जिओस पापायानिस, सगळ्यांची पानं वहीत आहेत, सगळी दुमडलेली. मॅक्लेमोर सातवा गेला त्या रात्री यानिस अँटेटोकुम्पो पंधरावा गेला. स्टॉस्कस आठवा गेला त्या रात्री निकोला योकिच एक्केचाळिसावा गेला. कॉली-स्टाइन सहावा, डेव्हिन बुकर तेरावा. हे कुणी वाचून दाखवलं की नाना शांतपणे विचारतात, "त्या रात्री तुम्हाला माहीत होतं का?" आणि समोरचा गप्प होतो. वादात नानांचा हा एक डाव अजून कुणाला सोडवता आलेला नाही.

आयझया थॉमसचं पान मात्र वहीत नाहीच. 2011 साली किंग्जनी त्याला साठावा, म्हणजे अगदी शेवटचा निवडला. उंची पाच फूट नऊ. नाना म्हणाले, "ह्याचं काय बघायचं? माझ्यापेक्षा साडेचार इंचच तर जास्त." तिसऱ्या हंगामात तो किंग्जसाठी सामन्याला वीस गुण करत होता. मग गेला आणि 2016-17 मध्ये बोस्टनसाठी जवळजवळ एकोणतीसच्या सरासरीनं गुण केले. नानांचं मत: "अपवाद."

नानांबरोबर मॅचला जाणं हा वेगळाच योग आहे. सामना सातला असेल तर ते साडेपाचला गोल्डन वन सेंटरच्या दारात. कारण मुख्य खेळाडू उशिरा येतात. लवकर येऊन रिकाम्या खुर्च्यांसमोर शॉट मारत असतात ती बाकावरची पोरं. नाना ती बघतात. सामना सुरू झाला की नजर पुन्हा बाकावर. तीस सेकंद उरलेत, गुण समसमान, सगळं स्टेडियम उभं आहे आणि नाना माझ्या कानात सांगतायत, "तो कोपऱ्यातला बघा, टॉवेल घेतलेला. टू-वे करारावर आहे. स्टॉकटनला परवा सहा ब्लॉक मारलेत त्यानं." किंग्जचा दुय्यम संघ स्टॉकटनला खेळतो, नाना तिथेही जातात. जुलैत समर लीगसाठी लास वेगासला जातात. बाहेर अंगाची लाही, आत ज्यांची नावं त्यांच्या आईबापांखेरीज कुणाला माहीत नाहीत असे संघ, आणि नाना तृप्त. 2021 साली किंग्जनी ती समर लीग जिंकली. त्या संघात पंजाबचा प्रिन्सपाल सिंग होता, सहा फूट नऊ. तो कोर्टवर फार दिसला नाही, पण नानांनी मला फोन करून सांगितलं, "एनबीएची कसलीही ट्रॉफी उचलणारा पहिला भारतीय! बोललो होतो की नाही?" नानांची प्रत्येक बातमी याच प्रश्नानं संपते. ते बोललेले असतातच. सगळ्यांबद्दल बोलून ठेवलं की कधी ना कधी बरोबर येतंच.

2019 च्या ऑक्टोबरात मात्र नानांना तोडीस तोड माणूस भेटला. एनबीएनं भारतातले पहिले सामने मुंबईत ठेवले, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, आणि खेळणारे संघ कोणते, तर किंग्ज आणि इंडियाना पेसर्स! नाना रजा टाकून गेले आणि कोल्हापुराहून चुलतभाऊ बापूंना बोलावून घेतलं. बापूंचं आयुष्य तालमीत गेलेलं. कान फुटलेले, मान खांद्यात गेलेली, बोलणं मोजकं. पहिला सामना बहुतेक शाळेतल्या मुलांसाठी होता. ही जोडी शनिवारच्या दुसऱ्या सामन्याला गेली. सामन्याआधी पोरं शॉट मारत होती. नानांनी बॅग्ली दाखवला.

"कसा वाटतोय?"

"उंच हाय," बापू म्हणाले. "किती वर्सं मेहनत करतंय?"

"इथं येऊन वर्ष झालं."

"मग आत्ताच काय सांगायचं?" बापूंना खरंच कळेना. "आमच्यात पहिलं वरीसभर पोराकडनं हौद्यातली माती उकरून घेत्यात. वस्ताद त्याचं अंग बघतच न्हाई. दुसऱ्या दिवशी पहाटं पोरगं परत येतंय का, तेवढं बघतोय. असं लई दिवस आलं, मग म्हणायचं, जरा बरं हाय."

"तोवर त्याची किंमत कशी ठरवायची?"

"किंमत कशाला? आपल्याला इकायचंय व्हय?"

नानांना काही सुचेना, म्हणून त्यांनी विचारलं, "बरं, ह्यातला पैलवान कोण वाटतोय?" बापूंनी दोन्ही संघ एकदा नजरेखालून घातले आणि पेसर्सच्या बाजूला बोट दाखवलं. "त्यो. खांदा लावून जागा करतोय बघा, त्यो." तो होता डोमांटास सबोनिस. त्या दिवशी पेसर्स 130-106 नं जिंकले. नाना घरी आल्यावर सांगत होते, "बापूला बास्केटबॉल कळत नाही."

नानांच्या घरात आणखी एका माणसाला बास्केटबॉल कळत नाही, ती म्हणजे वहिनी. 2020 ची निवड साथीमुळे नोव्हेंबरात आणि पडद्यावरच झाली. बाराव्या नंबरवर किंग्जची पाळी आली आणि टायरीस हॅलिबर्टन अजून शिल्लक होता. नानांच्या कपाळाला आठ्या. "शॉट बघा की त्याचा. छातीपासून ढकलतोय. अंगानं किडकिडीत. सीलिंग कमी." वहिनी भडंगाची परात घेऊन आल्या, टीव्हीवर त्याच्या कॉलेजच्या खेळाचे तुकडे दाखवत होते, ते उभ्यानंच बघितले आणि म्हणाल्या, "हा मुलगा बॉल हातात ठेवतच नाही हो. आला की दिला. आणि ज्याला दिला तो हसतोय." नाना म्हणाले, "हसण्याचा रकाना नाही आमच्या वहीत."

किंग्जनी त्याला घेतलं. पोरानं दुसऱ्या हंगामापर्यंत संघाचा खेळ हातात घेतला होता, तेवढ्यात 2022 च्या फेब्रुवारीत त्याला इंडियानाला देऊन बदल्यात आणला कोण? डोमांटास सबोनिस. कोल्हापुराहून बापूंचा एका ओळीचा मेसेज आला, "आला न्हवं?"

नानांची बाजू मांडायची तर ती सौदेबाजी अगदीच वाया गेली नाही. सबोनिस आणि डिएरन फॉक्स यांच्या जोरावर 2022-23 मध्ये किंग्जनी 48 सामने जिंकले, विजयाच्या प्रत्येक रात्री स्टेडियमच्या छतावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आभाळात गेला आणि सोळा हंगामांचा उपास सुटला. पण 2025 च्या जूनमध्ये हॅलिबर्टन इंडियानाला घेऊन एनबीएच्या फायनलच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला. त्या सामन्यात त्याच्या पायाची शीर तुटली, इंडियाना हरलं, ते वेगळं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "तुमची पोरं पुढं जातात हो, पण सॅक्रॅमेंटो सोडल्यावर."

उपास सुटल्यावरचं पहिलंच पान तर नानांच्या वर्मी लागलं. 2023 च्या त्या प्लेऑफच्या पहिल्या फेरीत समोर वॉरियर्स आले. 30 एप्रिलला सातवा सामना, आमच्याच घरी. स्टीफन करीनं एकट्यानं 50 गुण केले आणि किंग्ज 120-100 नं हरले. नाना आणि मी वरच्या मजल्यावर बसलो होतो. करीचा प्रत्येक शॉट जाळीत पडताना मला 2009 ची निवड आठवत होती, आणि नानांना ती आठवू नये म्हणून मी पाण्याची बाटली पुढे करत होतो. त्या वर्षी किंग्जनी चौथ्या नंबरवर टायरिक एव्हन्सला घेतलं होतं आणि करी सातव्या नंबरवर वॉरियर्सकडे गेला होता. चूक म्हणाल तर चूकही नाही. पहिल्या हंगामात एव्हन्सनं सामन्याला वीस गुण, पाच रिबाउंड, पाच असिस्टच्या वर मजल मारली आणि करीला मागे टाकून सर्वोत्तम नवोदित ठरला. नानांनी त्याचा फोटो देव्हाऱ्याच्या बाहेर, पण जवळच लावला होता. करीचे घोटे मात्र कच्चे निघाले. 2011-12 मध्ये तो 26 सामनेच खेळू शकला. म्हणजे नानांच्या वहीत तिसऱ्या वर्षी जे पान दुमडलं गेलं असतं, ते करीचंच होतं. वॉरियर्सनी ते दुमडलं नाही. 2012 मध्ये त्याच दुखऱ्या घोट्यांच्या पोराशी चार वर्षांचा करार केला. एव्हन्स 2013 साली किंग्ज सोडून गेला.

आता सांगा, पारख कुणाची चुकली? त्या रात्रीची तर कुणाचीच नाही. मधल्या वर्षांची चुकली. दुष्काळाच्या सोळा हंगामांत किंग्जनी अकरा कोच बदलले. पोरगं एका कोचकडून बचाव शिकायला लागायचं तोवर दुसरा कोच येऊन त्याला कोपऱ्यात उभं करायचा. त्यातले मायकेल मलोन 2014 च्या डिसेंबरात काढले गेले आणि 2023 साली त्यांनीच डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. कुणाला घेऊन, तर एक्केचाळिसाव्या नंबरच्या योकिचला घेऊन. कोचचंही पान तिसऱ्या वर्षापर्यंत टिकलं नाही.

नाना हे मानत नाहीत. आपली नजर तालमीतली आहे, आमच्या मातीत खाशाबा जाधव घडले, असं ते अभिमानानं सांगतात. बापूंच्या कानावर हे फोनवर गेलं तेव्हा ते म्हणाले, "खाशाबा 1948 ला लंडनला सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं. मधली चार वर्सं तू आसतास तर पान दुमडलं आसतंस." नाना फोन ठेवून बराच वेळ भडंग चिवडत बसले.

तरी हा नाद सुटायचा नाही. 2025 च्या निवडीत किंग्जकडे निक क्लिफर्ड आला तेव्हा नाना पहिल्यांदा नाराज झाले, "तेवीस वर्षांचा? म्हातारा आहे की हा!" मग बेचाळिसाव्या नंबरवर मॅक्सिम रेनो आला, स्टॅनफर्डचा फ्रेंच पोरगा, सात फूट एक इंच, आणि नानांचा चेहरा उजळला. नवं पान उघडलं, तारीख टाकली, उंची लिहिली. वहिनींनी फक्त पेन मागून घेतलं आणि त्या चार रकान्यांच्या शेजारी एक पाचवा रकाना आखला. वर लिहिलं: 'तिसरं वर्ष'. नाना म्हणाले, "ह्यात काय लिहायचं?" वहिनी म्हणाल्या, "तेव्हा बघू."

नानांसारखी माणसं फक्त फोल्सममध्ये नसतात. शाळेत, क्लबात, गायनाच्या क्लासात, क्रिकेटच्या नेटमागे, कुठेही असतात, आणि त्यांची नजर बहुधा चांगली असते. त्यांना एकच विनंती: पहिल्या वर्षी टाळ्या वाजवायला गर्दी असतेच. तुम्ही तिसऱ्या वर्षीही मॅचला या.